मध्यवस्तीचे पुनरुज्जीवन : चॅटानूगा शहराने नागरिकांना विचारलेला प्रश्न

कोणत्याही जुन्या शहराची मध्यवस्ती ही त्या शहराची पहिली ओळख असते. बाजारपेठ, कचेऱ्या, देवळे, मशिदी, चर्च, नाट्यगृहे आणि जुने वाडे यांनी गजबजलेल्या या भागात निरनिराळ्या जातिधर्मांची आणि व्यवसायांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राहत आलेली असतात. शहर वाढू लागले की नव्या वसाहती चहूबाजूंना उभ्या राहतात. ज्यांना परवडते ती कुटुंबे तिकडे जातात, पाठोपाठ दुकाने जातात, आणि मध्यवस्तीत उरतात ती मोडकळीस आलेली घरे, वाहनांची कोंडी आणि दुसरीकडे जाऊ न शकणारी माणसे. हा अनुभव जगातील बहुतेक औद्योगिक शहरांना आलेला आहे.

अशा मध्यवस्तीत पुन्हा प्राण कसा आणावा, याची योजना सामान्यतः तज्ज्ञ तयार करतात आणि नागरिकांसमोर ती तयार स्वरूपात येते. मात्र योजना आखण्यापूर्वीच नागरिकांना विचारावे, त्यांच्या कल्पना एकत्र कराव्यात आणि त्यांतून कामांची यादी ठरवावी, असा प्रयोग अमेरिकेतील टेनेसी राज्यातील चॅटानूगा या मध्यम आकाराच्या शहराने १९८४ साली केला. या प्रयोगाला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यामुळे त्याचे यश आणि त्याच्या उणिवा या दोन्हींकडे पुरेशा अंतरावरून पाहता येते. नगरपालिकांचे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि नागरिकशास्त्र शिकविणारे शिक्षक या सर्वांना त्यातून विचार करण्याजोगे पुष्कळ मिळेल.

धुराचे शहर

चॅटानूगा हे टेनेसी नदीच्या वळणावर, डोंगरांच्या कुशीत वसलेले शहर आहे. नदीकाठच्या ज्या धक्क्यापासून त्याचा आरंभ झाला तो धक्का चेरोकी या मूळ रहिवासी जमातीचे नेते जॉन रॉस यांच्या नावाने ओळखला जाई. १८३८ साली अमेरिकन सरकारने चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून बळाने हुसकावून पश्चिमेकडे पाठविले, तेव्हा त्यांतील अनेक तांडे याच धक्क्यावरून निघाले. पुढे लोहमार्ग आले, यादवी युद्धात येथे मोठ्या लढाया झाल्या, आणि युद्धानंतर ओतशाळा, कापड गिरण्या व यंत्रांचे कारखाने यांनी शहराला संपन्नता आणली. कोका-कोला हे पेय बाटल्यांत भरून विकण्याचा पहिला मोठा व्यवसाय १८९९ साली याच शहरात सुरू झाला. त्यातून निर्माण झालेल्या संपत्तीचा या कथेशी संबंध आहे, तो पुढे येईल.

कारखानदारीची किंमत शहराने हवेच्या रूपाने मोजली. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात धूर कोंडून राही. भरदुपारी मोटारींचे दिवे लावावे लागत आणि कचेरीत जाणारे लोक बदलण्यासाठी दुसरा सदरा बरोबर नेत, असे त्या काळाचे वर्णन केले जाते. १९६९ साली केंद्र सरकारच्या पाहणीत चॅटानूगाची हवा देशातील सर्वांत दूषित ठरली आणि ही बातमी दूरचित्रवाणीवरून देशभर गेली. शहराची लाज चव्हाट्यावर आली. त्याच वर्षी स्थानिक पातळीवर हवा प्रदूषण नियंत्रणाचे नियम करण्यात आले, कारखान्यांना धूर गाळणारी यंत्रे बसवावी लागली, आणि पुढील वीस वर्षांत हवा बरीच स्वच्छ झाली.

परंतु हवा स्वच्छ होत असतानाच शहर रिकामे होऊ लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओतशाळा आणि कारखाने बंद पडू लागले. १९८० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ६९ हजारांहून अधिक होती, ती १९९० मध्ये १ लाख ५२ हजारांवर आली. मध्यवस्तीतील रस्ते संध्याकाळनंतर ओस पडत.

याच्या जोडीला वर्णभेदाची जुनी जखम होती. शहरातील सुमारे एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय. त्यांची दुकाने, उपाहारगृहे आणि संगीताचे अड्डे ज्या नवव्या रस्त्यावर होते, त्या रस्त्यावर १९८० साली वर्णद्वेष्ट्या कू क्लक्स क्लानच्या माणसांनी गोळीबार करून पाच कृष्णवर्णीय महिलांना जखमी केले. आरोपींपैकी दोघे निर्दोष सुटल्यावर शहरात दंगल उसळली. आज हाच रस्ता मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने ओळखला जातो. मध्यवस्तीच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न चॅटानूगापुढे आला तो अशा पार्श्वभूमीवर. तो इमारतींपुरता नव्हता. परस्परांवरचा विश्वास गमावलेल्या लोकांना एकत्र बसवता येईल का, हाही त्यातला प्रश्न होता.

तज्ज्ञांच्या जुन्या योजना

चॅटानूगात योजना यापूर्वी झाल्या नव्हत्या असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘नगर नवीकरण’ या नावाने मोठा कार्यक्रम राबविण्यात आला. त्याखाली जुन्या वस्त्या जीर्ण म्हणून घोषित करून पाडावयाच्या आणि तेथे महामार्ग व नव्या इमारती उभारावयाच्या, अशी पद्धत होती. चॅटानूगाच्या पश्चिम भागातील वस्ती याच कार्यक्रमात उठविण्यात आली. विस्थापितांत कृष्णवर्णीय कुटुंबांची संख्या मोठी होती. शेजारच्या कॅमेरॉन टेकडीचा माथा कापून निघालेली माती महामार्गाच्या भरावासाठी वापरण्यात आली. पुढे नदीच्या काठाने जड वाहनांसाठी रुंद रस्ता झाला. ज्या नदीमुळे शहर वसले त्या नदीकडे जाण्याची वाटच शहराला उरली नाही.

या योजना करणारे अभियंते आणि अधिकारी आपल्या कामात निष्णात होते. वाहतुकीची गणिते त्यांनी बिनचूक मांडली होती. मात्र मुले नदीवर कशी जातील, किंवा वस्ती उठल्यावर तेथील चर्चभोवती जमणारी माणसे पुन्हा कोठे भेटतील, हे प्रश्न त्या गणितांत बसत नव्हते. ते विचारू शकणाऱ्या लोकांना कोणी विचारले नव्हते.

१९८२ साली शहर आणि काउंटी यांच्या प्रशासनांनी नदीच्या वळणावरील मोकळ्या जमिनीचा विचार करण्यासाठी एक कृतिदल नेमले. या कृतिदलाने आपली दृष्टी त्या एका जमिनीपुरती न ठेवता सर्व नदीकाठाकडे वळविली आणि जाहीर सभा घेऊन लोकांची मते ऐकली. त्याच सुमारास टेनेसी विद्यापीठाच्या वास्तुकला शाखेचे प्राध्यापक स्ट्राउड वॉटसन यांनी मध्यवस्तीत एक नागरी रचना कार्यशाळा सुरू केली. विद्यार्थी तेथे शहराचे नकाशे आणि प्रतिकृती तयार करीत. कोणीही नागरिक आत येऊन पाहू शके. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसालाही प्रतिकृती पाहून आपले मत देता येते, ही साधी गोष्ट येथे उपयोगी पडली.

वीस आठवड्यांचा लोकविचार

या पार्श्वभूमीवर ‘चॅटानूगा व्हेंचर’ ही संस्था स्थापन झाली. ती सरकारी नव्हती आणि नफ्यासाठीही नव्हती. तिच्या संचालक मंडळात उद्योजक, वस्त्यांतील कार्यकर्ते, श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि पुरुष असे विविध लोक घेण्यात आले. पेयाच्या बाटल्या भरण्याच्या व्यवसायातून मोठी झालेली जी संपत्ती वर सांगितली, तिच्यातून उभ्या राहिलेल्या लिंडहर्स्ट प्रतिष्ठानने या कार्याला अर्थसाहाय्य दिले. संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा माई बेल हर्ली या होत्या.

१९८४ साली या संस्थेने ‘व्हिजन २०००’ हा उपक्रम हाती घेतला. त्यातील प्रश्न सोपा होता. सन २००० मध्ये आपले शहर कसे असावे असे तुम्हांला वाटते? सभा सर्वांना खुल्या होत्या. वीस आठवड्यांत सतराशेहून अधिक नागरिकांनी त्यांत भाग घेतला.

या सभा कशा चालत हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण उपक्रमाचे मर्म त्यात आहे. आपल्या परिचयाच्या जाहीर सभेत व्यासपीठावर चार जण बसतात, दोन-तीन वक्ते बोलतात आणि शेवटी वेळ उरल्यास श्रोत्यांना प्रश्न विचारू दिले जातात. ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याला बोलण्याची सवय आहे, तोच तेथे बोलतो. चॅटानूगात ही पद्धत सोडून देण्यात आली.

लोकांना लहान लहान गटांत बसविण्यात येई. प्रत्येक गटाला एक प्रशिक्षित संयोजक असे, आणि त्याचे काम स्वतः मत न देता इतरांची मते काढून घेणे हे होते. आरंभी प्रत्येकाने आपल्या कल्पना शांतपणे कागदावर लिहावयाच्या. मग क्रमाने प्रत्येकाने एकच कल्पना सांगावयाची. ती भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहिली जाई. या टप्प्यावर कोणीही कोणाच्या कल्पनेवर टीका करावयाची नाही, पैसा कोठून येणार असे विचारावयाचे नाही, असा नियम होता. कारखान्याच्या मालकाची पाळी आली की त्याची एक कल्पना, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या सफाई कामगाराची पाळी आली की त्याचीही एकच कल्पना. अशा फेऱ्या सर्वांच्या कल्पना संपेपर्यंत चालत. त्यानंतर सारख्या कल्पना एकत्र करून, कोणत्या अधिक महत्त्वाच्या यासाठी मते घेतली जात.

विषयांची विभागणीही विचारपूर्वक केलेली होती. शहरातील ठिकाणे, माणसे, काम, विरंगुळा, शासन आणि भवितव्य अशा ढोबळ शीर्षकांखाली कल्पना मांडण्यात आल्या. त्यामुळे चर्चा रस्ते आणि इमारती यांवरच अडली नाही. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना आसरा हवा, ही सूचना नदीकाठच्या बागेच्या सूचनेइतक्याच मानाने त्या कागदांवर आली. पुढे असा निवारा उभा राहिला. केवळ मध्यवस्तीच्या सुशोभीकरणासाठी सभा भरली असती, तर ही सूचना कोणत्या रकान्यात लिहावयाची, हेच कोणाला कळले नसते.

सर्व कल्पनांतून अखेरीस चाळीस उद्दिष्टे निश्चित करण्यात आली आणि ती छापून शहरभर प्रसिद्ध करण्यात आली. हे प्रकाशन म्हणजे एक प्रकारचे वचनपत्रच होते. कोणाही नागरिकाने यादी हातात घेऊन ‘यातले किती झाले?’ असे विचारावे, अशी सोय तीमुळे झाली.

यादीतून कामे

सूचना गोळा होतात आणि कपाटात जातात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. चॅटानूगात ते टळले याची कारणे पाहिली पाहिजेत.

पहिले कारण असे की, प्रत्येक उद्दिष्टासाठी पुढाकार घेणारे लोक शोधण्यात आले. सूचना करणाऱ्यांनाच कृतिगटात येण्याचे आवाहन झाले. दुसरे कारण म्हणजे कामे करणाऱ्या संस्था वेगळ्या निघाल्या. नदीकाठ आणि मध्यवस्ती यांच्या विकासासाठी १९८६ मध्ये ‘रिव्हर सिटी कंपनी’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना घरदुरुस्तीसाठी आणि घरखरेदीसाठी साहाय्य करणारी ‘चॅटानूगा नेबरहुड एन्टरप्राइज’ ही संस्था सुरू झाली. तिसरे कारण पैशाचे. खासगी प्रतिष्ठानांनी आरंभीचा धोका पत्करला, म्हणून सरकारी निधी आणि बँकांची कर्जे त्यामागून येऊ शकली.

दृश्य कामांपैकी सर्वांत गाजलेले काम म्हणजे टेनेसी मत्स्यालय. जुन्या रॉस धक्क्याजवळ गोड्या पाण्यातील जलचरांचे भव्य प्रदर्शन उभारावे, ही कल्पना प्रथम पुष्कळांना हास्यास्पद वाटली. पुढाकार घेणाऱ्या उद्योगपतीच्या नावावरून काही जण तिला ‘जॅकचा माशांचा हौद’ म्हणत. परंतु या मत्स्यालयाची मांडणी शहराच्या जीवनाशी जोडलेली होती. डोंगरातील झऱ्यापासून समुद्रापर्यंत टेनेसी नदीचा प्रवास दाखवावा, अशी तिची योजना आहे. साडेचार कोटी डॉलर खर्चाची ही इमारत खासगी देणग्यांतून उभी राहिली आणि सभोवतालचे मोकळे प्रांगण सार्वजनिक निधीतून झाले. १९९२ च्या मे महिन्यात ते खुले झाले आणि पहिल्याच वर्षात दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यास भेट दिली.

इतर कामेही क्रमाने होत गेली. १९२१ मध्ये बांधलेले टिवोली नाट्यगृह दुरुस्त होऊन १९८९ मध्ये पुन्हा सुरू झाले. नदीकाठच्या पायवाटेचा पहिला टप्पा त्याच वर्षी पूर्ण झाला. १९९२ पासून मध्यवस्तीत विजेवर चालणाऱ्या मोफत बसगाड्या धावू लागल्या. मार्गाच्या टोकांना वाहनतळ बांधण्यात आले आणि तेथील शुल्कातून बससेवेचा खर्च भागविण्याची व्यवस्था झाली. मोटार बाहेर ठेवा आणि बसने आत या, ही कल्पना पैशाच्या हिशेबासह अमलात आली, हे विशेष.

१९९२ पर्यंत चाळीस उद्दिष्टांपैकी बहुतेक पूर्णतः किंवा अंशतः साध्य झाली होती आणि त्यांतून २२३ प्रकल्प व कार्यक्रम निघाले, असा हिशेब त्या वेळी मांडण्यात आला. १९९३ मध्ये तीच प्रक्रिया पुन्हा करण्यात आली. या वेळी सुमारे २,६०० नागरिक आले आणि आणखी २७ उद्दिष्टे ठरली. पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला अधिक लोक येणे, हे पहिल्या खेपेच्या सूचना वाया गेल्या नाहीत याचेच प्रमाण मानता येईल.

एका पुलाची गोष्ट

नागरिकांच्या कल्पनेचा आणि तिच्या मर्यादेचा विचार वॉलनट स्ट्रीट पुलाच्या उदाहरणावरून उत्तम रीतीने करता येतो. १८९१ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा लोखंडी पूल मध्यवस्ती आणि नदीचा उत्तर काठ यांना जोडतो. १९७८ मध्ये तो धोकादायक म्हणून वाहनांना बंद करण्यात आला आणि पाडून टाकण्याचा विचार सुरू झाला. नागरिकांनी तो जतन करण्याचा आग्रह धरला. वाहनांचे वजन पेलत नसेल तर माणसांचे पेलेल, मग तो चालण्यासाठीच का ठेवू नये? दुरुस्ती होऊन १९९३ मध्ये तो पादचाऱ्यांसाठी खुला झाला. सुमारे ७२४ मीटर लांबीच्या या पुलावर आज सकाळ-संध्याकाळ माणसे फिरतात आणि त्याच्या उत्तर टोकाची मरगळलेली बाजारपेठही पुन्हा भरभराटीस आली.

परंतु या पुलाला दुसराही इतिहास आहे. १८९३ मध्ये आल्फ्रेड ब्लाउंट आणि १९०६ मध्ये एड जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय पुरुषांना जमावाने याच पुलावर फासावर लटकविले होते. जॉन्सन यांच्या शिक्षेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिलेली असताना जमावाने त्यांना तुरुंगातून ओढून नेले. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने शेरीफवर न्यायालयाच्या अवमानाचा खटला स्वतः चालविला आणि १९०९ मध्ये त्याला दोषी ठरविले. त्या न्यायालयाने चालविलेला हा एकमेव फौजदारी खटला होय.

अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांतील वडीलधारी माणसे या पुलावर पाऊल ठेवीत नसत. एका समाजाला जो पूल संध्याकाळच्या फेरफटक्याचे स्थळ वाटत होता, तोच दुसऱ्या समाजाला वधस्थान वाटत होता. १९९३ च्या उद्घाटनाच्या आनंदात या दुसऱ्या आठवणीला जागा मिळाली नव्हती. ती मिळण्यास आणखी अठ्ठावीस वर्षे लागली. नागरिकांनी चालविलेल्या प्रयत्नांतून सप्टेंबर २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाशी एड जॉन्सन आणि त्यांची बाजू लढविणारे दोन कृष्णवर्णीय वकील, नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स, यांचे स्मारक उभे राहिले. चेरोकी लोकांच्या हकालपट्टीची आठवण देणारी कलाकृती रॉस धक्क्याजवळ २००५ मध्ये, चेरोकी कलावंतांच्याच हातून, साकारली होती.

विविध समाजांच्या शहरात कल्पना गोळा करताना ‘येथे काय हवे?’ या प्रश्नाबरोबरच ‘येथे काय घडले होते?’ हाही प्रश्न विचारावा लागतो, हे या पुलावरून दिसते.

सभेत कोण आले, कोण आले नाही

सतराशे हा आकडा मोठा आहे, पण दीड लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरात तो शंभरात एक इतकाच भरतो. सभेला येण्यासाठी मोकळा वेळ, वाहन आणि आपले म्हणणे ऐकले जाईल हा विश्वास, या तीन गोष्टी लागतात. रात्रपाळीचा कामगार, लहान मुलांची आई आणि वारंवार फसविला गेलेला समाज यांच्याजवळ यांपैकी काही ना काही कमी असते. खुले दार ठेवले म्हणजे सर्वजण आत येतात असे नाही.

शिवाय, सभेत बोलण्याचा हक्क आणि निर्णय घेण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिजन २००० च्या सभा चालू होत्या तेव्हा शहराचा कारभार पाच आयुक्तांचे मंडळ पाहत असे आणि हे आयुक्त सर्व शहराच्या एकत्रित मतदानातून निवडून येत. अशा पद्धतीत अल्पसंख्य समाजाची मते विखुरली जात. काही कृष्णवर्णीय नागरिकांनी १९८७ मध्ये केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. १९८९ मध्ये न्यायालयाने ही पद्धत मतदान हक्काच्या कायद्याविरुद्ध ठरविली. त्यानंतर १९९० मध्ये महापौर आणि नऊ प्रभागांतून निवडलेली नगर परिषद अशी नवी रचना आली आणि कृष्णवर्णीयांचे प्रतिनिधित्व वाढले. चॅटानूगा व्हेंचरच्या पहिल्या अध्यक्षा हर्ली याही या नव्या परिषदेच्या सदस्य झाल्या. लोकविचाराच्या सभांनी वातावरण तयार केले हे खरे, पण जागा मिळाल्या त्या न्यायालयाच्या निकालाने, हे विसरता कामा नये.

पुनरुज्जीवनाचा लाभ सर्वांना सारखा मिळाला असेही म्हणता येत नाही. २००२ ते २००५ या काळात बारा कोटी डॉलर खर्चून नदीकाठाचा दुसरा मोठा टप्पा पूर्ण झाला. ज्या रुंद रस्त्याने नदी तोडली होती तो अरुंद करून पुन्हा शहरातील साधा रस्ता करण्यात आला. लोकसंख्या हद्दवाढीसह २०२० मध्ये १ लाख ८१ हजारांवर गेली. परंतु मध्यवस्तीला मागणी आली तशी जागेची किंमत आणि भाडे वाढले. मार्टिन ल्यूथर किंग मार्गाच्या परिसरातील जुन्या कृष्णवर्णीय वस्तीचे स्वरूप पालटले. ज्यांनी पडत्या काळात मध्यवस्ती सोडली नाही, त्यांतील अनेकांना तिच्या चढत्या काळात तेथे राहणे परवडेना. नव्याने आलेल्या ग्वाटेमालातील कुटुंबांसह शहराची विविधता आज १९८४ पेक्षा अधिक आहे आणि त्यांना विचारण्याचे काम नव्याने करावे लागणार आहे.

आपल्या दृष्टीने

महाराष्ट्रातील वाचकांना या प्रयोगात एक फरक प्रकर्षाने जाणवेल. आपल्याकडे प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि त्यावर विहित मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात. ही तरतूद मोलाची आहे. मुंबईच्या विकास आराखड्याचे प्रारूप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा हजारो नागरिकांनी हरकती घेतल्या, शासनाने ते नव्याने तपासण्याचा आदेश दिला, आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. हरकतींत बळ आहे हे यावरून दिसते. पण हरकत ही तयार योजनेवर असते. नकाशा रंगविला गेल्यानंतर नागरिक मुख्यतः स्वतःच्या घरावरचे आरक्षण शोधतो. शहर कसे असावे हे सांगण्याची संधी त्याच्यापाशी तेव्हा नसते, आणि सुनावणीला येतो तोही बहुधा भयापोटी.

नकाशापूर्वी विचारण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या प्रभागातील कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. कामे लहान असतात, पदपथ, दिवे, बसथांबे अशी, पण सूचना करणाऱ्याला आपले काम अंदाजपत्रकात शोधता येते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. ग्रामीण भागात तर ग्रामसभा हे अशा विचारविनिमयाचे कायद्याने दिलेले स्थान आहे. साधने आहेत. ती वापरण्याची पद्धत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

या दृष्टीने चॅटानूगाच्या अनुभवातून काही व्यवहार्य गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रश्न योजना होण्यापूर्वी विचारावा. दुसरी, लहान गट करून प्रत्येकाला पाळीपाळीने एक कल्पना मांडू द्यावी. ग्रामसभेत किंवा प्रभाग सभेत यासाठी भिंत, मोठे कागद आणि शाळेतील दोन-चार शिक्षक पुरेसे आहेत, संयोजकाचे काम शिक्षक उत्तम करू शकतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची कल्पना संयोजकाने त्यांच्याच शब्दांत लिहावी. तिसरी, सभा लोकांच्या वेळेला आणि त्यांच्या जागी घ्यावी. भाजीबाजारातील विक्रेत्या स्त्रियांना कचेरीत बोलावण्यापेक्षा बाजार उठल्यावर तेथेच बसणे सोयीचे. चौथी, जे आले नाहीत त्यांची नोंद ठेवावी. हजेरीपट पाहून कोणती आळी, कोणता समाज आणि कोणता व्यवसाय सभेत नव्हता हे लिहून काढावे आणि त्यांच्याकडे स्वतः जावे. पाचवी, स्वीकारलेल्या सूचनांची यादी छापून चावडीवर किंवा प्रभाग कचेरीत लावावी. कोणते काम कोणाकडे दिले व ते कोठवर आले, हे दरवर्षी त्याच यादीवर लिहावे. जी सूचना स्वीकारता आली नाही तिचे कारणही तेथे असावे.

सहावी गोष्ट चॅटानूगाला उशिरा कळली. मध्यवस्ती सुधारली की ती महाग होते. तेव्हा जुने भाडेकरू, फेरीवाले आणि छोटे कारागीर यांच्या जागेचा प्रश्न पहिल्याच सभेच्या कागदावर लिहिला गेला पाहिजे. तो शेवटी विचारला गेला तर उत्तर देण्यास ते तेथे उरलेले नसतात.

वॉलनट स्ट्रीट पूल पाडावा की राखावा, हा १९७८ साली अभियांत्रिकीचा प्रश्न समजला जात होता. त्यावरून चालता येईल हे नागरिकांनी सुचविले, आणि तेथे कोणाच्या आठवणी आहेत हेही पुढे नागरिकांनीच सांगितले. दोन्ही गोष्टी नकाशात नव्हत्या. आपल्या प्रत्येक जुन्या पेठेत असा एखादा पूल, चौक किंवा पार असतोच. त्याविषयी तेथील सर्व लोकांना, आणि विशेषतः सभेला न येणाऱ्यांना, आरंभीच विचारणे हे पुनरुज्जीवनाच्या कामातील पहिले पाऊल होय.